परड्यातले तीन गडगे

आषाढात तीन दिवस झोडपून पाऊस जरा उघडला. हौसा मागच्या परड्यात गेली आणि जागीच उभी राहिली. हळदीचा वाफा नव्हता. काल संध्याकाळपर्यंत होता. आता तिथे मांडीभर खोल घळ पडली होती आणि तिच्या तळाला उघडा कातळ दिसत होता. माडाची मुळं वाऱ्यावर लोंबत होती. घराच्या मागच्या भिंतीखालचे पायाचे चिरे सासऱ्याने पुरल्यापासून कुणाच्या नजरेस पडले नव्हते, ते धुऊन वर निघाले होते.

हे पाणी कुठून आलं ते तिला कुणी सांगायला नको होतं. वरच्या अंगाला भिकाजीचं घर. भिकाजी म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला चुलत भाऊ. वीस वर्षं मुंबईच्या गोदीत नोकरी करून दोन सालांमागे तो गावी परतला, तो कलमांचा नाद घेऊनच. उतारावरचं सगळं रान त्याने तोडलं, जाळलं आणि तिथे साठ हापूस कलमं लावली. दोन्ही घरांच्या हद्दीवरून एक पऱ्या वाहायचा. उन्हाळ्यात कोरडा असायचा, पण पावसाळ्यात डोंगराचं सारं पाणी खालच्या पाणंदीत नेऊन सोडायचा. भिकाजीने तो दगडमातीने बुजवला आणि त्याच्यावरही नऊ कलमं लावली. पाण्याची वाट बंद झाली तेव्हा पाण्याने हौसाच्या परड्यातून नवी वाट काढली.

ती तशीच चिखलाच्या पायांनी वर गेली. भिकाजी ओटीवर पान जमवत बसला होता. थोरला दीर म्हणून तिने पदर सावरला, मान खाली घातली.

"भावोजी, पऱ्या मोकळा करा. माझं परडं वाहून चाललंय."

"पानी उताराला जातं, हौसे. त्याला मी काय करू?"

"जायची वाट तुमी बुजवलीत."

"जागा माझी हाय. विठू आला की मी त्याच्याशी बोलेन. बायकांशी हद्दीच्या गोष्टी मी करत नाय." त्याने पान तोंडात टाकलं आणि दुसरीकडे पाहिलं.

विठू, हौसाचा नवरा, परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता. तो मांडवी बंदराला कधी उतरेल ते त्यालाही ठाऊक नसे.

त्या आठवड्यात देवळात गावकऱ्यांची बैठक बसली. हौसाने आपलं गाऱ्हाणं मांडलं. चारचौघांनी ऐकून घेतलं, मिशांवरून हात फिरवले आणि विठू आल्यावर बघू म्हणून सांगितलं. घरी परतताना तिची कानशिलं तापली होती. वाहून गेलेली हळद तिने लावली होती. त्या वाफ्यातली माती तिने आठ वर्षं शेण-पाला घालून काळी केली होती. आणि बोलायला मात्र विठू हवा होता, ज्याला परड्यात किती माड आहेत हेही नीट सांगता आलं नसतं.

दसरा झाल्यावर तिने काम हाती घेतलं. डोंगरावरचे सुटे जांभे दगड डोक्यावरून आणून परड्याच्या वरच्या कडेला तिने छातीइतका उंच, सरळ गडगा रचला. चार महिने ती रोज भाताची कामं आटोपून दगड वाहत होती. तळहातांना घट्टे पडले. प्रत्येक दगड बसवताना ती भिकाजीला मनातल्या मनात काहीबाही ऐकवत होती.

पुढच्या ज्येष्ठात दोन दिवस पाणी त्या गडग्यामागे साचत राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गडगा मधोमध फुगला आणि कोसळला. दगडांचा लोंढा थेट गोठ्यात घुसला. तिथे बांधलेल्या पाडीचा, लहान कालवडीचा, पुढचा पाय मोडला. हौसा पाडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिला रडू आलं नाही. वर पाहिलं तर भिकाजी छत्री घेऊन त्याच्या कलमांत उभा होता. पाहून झाल्यावर तो घरात गेला.

दुसऱ्या दिवशी काशीराम आला. साऱ्या गावाचे गडगे रचणारा हा म्हातारा देवळातल्या बैठकीत एक अक्षर बोलला नव्हता. त्याने पाडीच्या पायाला बांबूच्या कांबी बांधल्या, मग पडलेल्या दगडांभोवती एक फेरी मारली.

"तू पानी अडवायला गेलीस," तो म्हणाला. "पानी अडत नाय. त्याला दमवायचं असतं."

"तेव्हा देवळात का नाय बोललात?"

काशीरामने एक सुटा दगड उचलून बाजूला ठेवला. "चुकलो," तो म्हणाला. "आता बोलतोय ते ऐक. पाऊस थांबायची वाट बघू नको. पानी कुठनं येतंय ते आताच दिसतंय."

डोक्यावर इरलं घेऊन दोघांनी भर पावसात काम केलं. एका उंच गडग्याऐवजी उतारावर आडवे तीन गडगे घातले. गुडघ्याइतकेच उंच, खाली रुंद, डोंगराकडे जरा कललेले. दगडांच्या फटी मुद्दाम ठेवल्या, म्हणजे पाणी झिरपेल आणि माती मागे राहील. पहिल्या गडग्याचं डावं टोक सखल सोडलं, दुसऱ्याचं उजवं, तिसऱ्याचं पुन्हा डावं. धावत आलेल्या पाण्याला आता परड्यात तीनदा आडवं चालावं लागत होतं. शेवटी ते पाणंदीत उतरे तेव्हा त्याचा आवाजही होत नसे. गडग्यांच्या कडेला हौसाने वाळ्याची ठोंबं लावली.

श्रावणात पहिल्या गडग्यामागे वीतभर माती बसली होती. भाद्रपदात ती गडग्याच्या डोक्याला टेकली. भुसभुशीत, काळपट माती. हौसाने मूठभर उचलून पाहिली. तिच्यात जळक्या पाल्याची राख होती. ही माती भिकाजीच्या उतारावरची होती.

भिकाजीलाही ते कळलं. त्याचं रान गेलं होतं, माती धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. अकरा कलमं मुळासकट आडवी झाली होती. गणपती गेल्यावर एका सकाळी तो दोन गडी आणि टोपल्या घेऊन हौसाच्या परड्यात उतरला.

"माती माझी हाय," तो म्हणाला. "घेऊन जातोय."

"आनि माझी हळद? ती कुठनं भरून आनता?"

तो गड्यांकडे वळला. "भरा."

पहिलं फावडं मातीत गेलं आणि वरच्या गडग्याचे चार दगड घरंगळले. गोठ्यातली पहार उचलून हौसा सरळ वर गेली, भिकाजीच्या आवारात, जिथे पऱ्या बुजवला होता तिथे. दोन कलमांच्या मधे तिने पहार मारली. पुन्हा मारली. भिकाजी धावत वर आला.

"हौसे, पहार टाक."

"टाकनार नाय." तिने पदर कमरेला खोचला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "माती तुमची, पानी कुनाचंच नाय, असं चालनार नाय. माती न्यायची तर पानीपन न्या. आज न्या. वाट मी करून देतंय."

"कुठला पऱ्या? इथं पऱ्या नव्हताच."

ती खणत राहिली. आवाज ऐकून वाडीतली माणसं जमली. भिकाजीने तिचा हात धरायला पुढे पाऊल टाकलं, तेव्हा त्याची बायको दमयंती मधे येऊन उभी राहिली. ती तिथून हलली नाही. कमरेइतकं खोल गेल्यावर पहार दगडावर वाजली. जमलेल्यांतल्या काशीरामने खड्ड्यात उतरून माती बाजूला केली. पऱ्याच्या काठाला रचलेल्या दगडांची जुनी ओळ होती, शेवाळ्याने काळी पडलेली.

"हे दगड माझ्या बापाने बसवलेत," तो जमलेल्यांना म्हणाला. "मी पोरवयात त्याला दगड उचलून दिलेत. आता ज्याला नाय म्हनायचं असेल त्याने माझ्या तोंडावर म्हनावं."

दोघे-तिघे खड्ड्याशी वाकून ती ओळ बघू लागले. गड्यांनी टोपल्या केव्हाच खाली ठेवल्या होत्या.

दिवाळीच्या आत भिकाजीला पऱ्या उकरून द्यावा लागला. त्यावरची नऊ कलमं गेली. चुकलो असं तो कधी म्हणाला नाही, आणि हौसाने त्याच्या ओटीवर पुन्हा पाय ठेवला नाही. दमयंती तेवढी अधूनमधून वाळ्याची मुळं मागायला यायची, ती हौसा द्यायची.

शिमग्याला विठू आला. गेल्या दोन पावसाळ्यांतलं सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "भावकी आपली. चार टोपल्या माती द्यायची होतीस." हौसाने त्याच्या ताटात भात वाढला आणि उठून गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पालखी वाडीत आली तेव्हा गावचे मानकरी, देवळातल्या बैठकीला बसलेलेच, अंगणात टेकले. त्यातल्या एकाने परड्याकडे पाहून मान डोलावली. "विठू, गडगे बेस घातलेस हो."

विठू हसला. हौसा पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं.

"ते मी घातले," ती म्हणाली. "मी आनि काशीरामदादांनी. तुमी देवळात मला परत पाठवलंत, त्याच्यानंतर."

मग तिने ताट उचललं आणि पालखीपुढे गेली.