वामनरावांचा ठराव

शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा जया घरामागच्या सांदवाडीकडच्या सपरीत, म्हणजे बोळाकडच्या पडवीत, पोत्यावर बसलेली होती. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे घंटा घरात ऐकू यायचीच. पहिला तास भूमितीचा. जया उठली, न्हाणीच्या भिंतीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. तिला एवढीच जागा मोकळी होती.

झालं काय होतं, तर जया बाजूला बसली होती. दर महिन्याला बसायची तशी. महाल भागातल्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. चार दिवस ताट वेगळं, अंथरूण वेगळं, पाणी वरून ओतायचं, आणि पुस्तकाला हात लावायचा नाही, कारण पुस्तक म्हणजे सरस्वती. सरस्वती स्वतः बाईच, पण या बाबतीत तिला कुणी विचारलं नव्हतं.

मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली. म्हणून जयाची आई सत्यवती हिने एक युक्ती काढली होती. पोळ्या लाटता लाटता ती मधूनच उंबऱ्यावर येऊन बसायची आणि पुस्तक उघडून लेकीकडे तोंड करून धरायची. जयाने बोट हलवलं की पान उलटायचं. तव्यावरची पोळी करपायला लागली की पुस्तक खाली ठेवून पळायचं. इतिहास असा कसाबसा होत होता.

"आई वं, भूमिती अशी नाई होत," जया रडकुंडीला येऊन म्हणाली. "हातात कंपास धरा लागते."

"मंग मी धरू का?"

"तुले येते का?"

"मले पोळी गोल येते, बापा. तेवढंच."

जयाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मले अर्ज भरू देतीन ना वं? बाई म्हणे, लय दिवस बुडले माये."

सत्यवतीने पुस्तकाचं पान उलटलं. तिलाही तीच धास्ती होती.

जयाचे वडील वामनराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सरकारी कचेरीत कारकून. पोरीसाठी कंपासपेटी घ्यायला ऐन उन्हात सीताबर्डीची सगळी दुकानं पालथी घालणारे. आमची जया मॅट्रिक होणार, हे भाजीवाल्यालाही सांगणारे. शाळेच्या पालक संघाचे तर ते चिटणीस होते. दिवाळीआधी शाळेच्या दोन मुली तासाच्या वेळी मॅटिनीला दिसल्या, तेव्हा सर्वांत जास्त संताप वामनरावांना आला होता. त्यांनीच ठराव मांडला: जी मुलगी दर महिन्याला गैरहजर राहील, तिच्या वडिलांनी सभेत उभं राहून कारण सांगावं, आणि कारण पटलं नाही तर शाळेने तिचा मॅट्रिकचा अर्ज पाठवू नये. टाळ्या पडल्या. ठराव पास झाला.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला आपली पोरगी आठवली नाही? खरंच नाही आठवली. जया गैरहजर असते असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ती तर बाजूला असते. बापाच्या डोक्यात हे दोन वेगळे कप्पे होते.

त्याच संध्याकाळी शाळेत पालकसभा होती. पुढे बाकांवर बाप, मागे सतरंजीवर आया. मुख्याध्यापिका शोभाताईंनी गणवेश, फी, सराव परीक्षा असे विषय संपवले आणि म्हणाल्या, "आता हजेरी. ठरावाप्रमाणे पहिलं नाव अकरावी मॅट्रिकच्या जयाचं आहे. वडील वामनराव."

वामनराव उठले. कान लाल झाले होते.

"ताप होता तिला."

"दर महिन्याला?"

"प्रकृती नाजूक आहे तिची."

"मग डॉक्टरांचा दाखला आणा. नाहीतर अर्ज जाणार नाही. ठराव तुमचाच आहे."

शोभाताईंना खरं कारण कळत नव्हतं थोडंच? मागे बसलेल्या एकूण एक बाईला कळत होतं. पण चारचौघांत, पुरुषांसमोर, तो शब्द तोंडातून काढायचा कुणी? सगळ्या सतरंजीचे धागे उपसत बसल्या. वामनराव पंख्याकडे बघत उभे होते.

तेवढ्यात सत्यवती उठली. डोक्यावरचा पदर तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"ताप नाई येत माया पोरीले," ती म्हणाली. "चांगली ठणठणीत हाये. ती बाजूले बसते. चार दिवस घरातून निघू देत नाई आमी तिले. पुस्तकाले शिवू देत नाई."

"खाली बस," वामनराव दातांत पुटपुटले.

"बसतो. पण आधी सांगा, मी का करू? पोरगी घरी बसली तर तुमी अर्ज अडवता. शाळेत धाडली तर घर बाटते म्हणता. दोनी नियम तुमचेच. पोरगी जाईन कोठी?"

मग सत्यवती शोभाताईंकडे वळली.

"बाई, राग नका मानू. तुमी तर रोज शाळेत येता. तुमच्या हातची पुस्तकं बाटली का कधी?"

शोभाताईंनी पदर सावरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी रोज येते. त्याही दिवसांत येते. रोज पुस्तक हातात घेते. काही बाटलं नाही."

पुढच्या बाकावरचे अध्यक्ष बापूजी खाकरले. "बरं, पुढचा विषय घेऊ या."

"हाच विषय आहे, बापूजी," शोभाताई म्हणाल्या.

मागच्या आयांमधल्या पार्वतीबाई उठल्या. "माया घरीबी हेच हाये," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्यामागे आणखी एक उठली. मग कोपऱ्यातली एक. वामनराव केव्हा खाली बसले, कुणी पाहिलं नाही.

शोभाताई म्हणाल्या, "ठराव राहील. पण बाजूला बसणं हे कारण शाळेला पटत नाही. जया उद्या पहिल्या तासाला वर्गात दिसली तर तिचा अर्ज जाईल."

नवऱ्याची वाट न बघता सत्यवती तरातरा घरी आली. कोनाड्यातलं दप्तर काढलं, सपरीत गेली आणि जयाच्या मांडीवर ठेवलं. लेकीला तिने हात लावला. जया दचकून मागे सरली.

"आई, शिवलीस वं तू मले."

"हाव, शिवली. घे, कर भूमिती."

सासू तुळसाबाई दारात उभ्या होत्या. सत्यवतीने त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "आई, बोला का बोलाचं ते."

तुळसाबाई चौकटीला टेकल्या. "मी का बोलू वं? मले तं हे चार दिवसच बसाले भेटले जलमभर. बाकी कोणी बस म्हणे नाई."

"तुमाले बसाचं होतं, आई. तुमी बसा. तिले नाई बसाचं."

म्हातारीने मान हलवली. होकार होता की नुसता थकवा, कळलं नाही. पण तिने कंदील उचलून जयाजवळ आणून ठेवला.

रात्री वामनराव जेवले नाहीत. या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

सकाळी गणवेश घालून जया बाहेर निघाली. त्या दिवसांत ती समोरच्या दाराने कधी गेली नव्हती. पायरीवर वामनराव पेपर घेऊन बसले होते, पाय आडवे पसरून. जया उंबऱ्यात थांबली. घंटा सुरू झाली होती. बापाने पेपर खाली केला नाही. लेकीने दप्तर खाली ठेवलं नाही. मागे सत्यवती कणकेच्या हातांनी उभी होती.

घंटा संपत आली तेव्हा वामनरावांनी पाय जवळ ओढले. विटाळ नको म्हणून ओढले की वाट दिली, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. जया पायरी उतरली आणि गल्लीतून पळत सुटली.

हे वाचणाऱ्या बापांनो, तुमच्या गल्लीतही शाळेची घंटा ऐकू येतेच. ती झाली की आपले पाय कुठे आहेत, तेवढं एकदा बघा.