हलका हात

"अहो, भिंत नाहीये ती," थेरपिस्ट म्हणाली, तसा गवंड्याने बायकोच्या दंडावरचा हात चटकन मागे घेतला.

बायको बस चालवायची. छातीतली गाठ काढताना डॉक्टरांनी काखेतल्या ग्रंथीही काढल्या. जिवावरचं संकट टळलं. पण अंगातलं पाणी वाहून नेणारी वाटच तुटली आणि डावा हात सुजून खांबासारखा झाला. डेपोने तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगायच्या. सवतीच्या पोरांचं कौतुक करावं, तसं तिला ते वाटे.

"दाबायचं नाही, कातडी नुसती सरकवायची," थेरपिस्टने दाखवलं. "आधी मान, मग छाती, हात शेवटी. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय पाणी जाणार कुठे?"

"कळलं," गवंडी म्हणाला. "तुंबलेली मोरी."

"म्हणजे मी मोरी का?" बायकोने विचारलं आणि तिघंही हसत सुटली.

मग रोज कामावरून आला की तो सिमेंटने खरखरीत झालेले हात धुऊन, तेलाने मऊ करून तिच्यापाशी बसू लागला. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहाटे निघे, तो तिन्हीसांजेला दमून येई. एकमेकांचा हात असा निवांत हाती लागलाच नव्हता. आता हात चाले तशी जीभही चाले. शेजाऱ्यांची उणीदुणी निघत, तिच्या माहेरचीही.

"एवढं बोलता येतं तुम्हाला?" ती म्हणाली.

"तू कधी बोलू दिलंस?"

सूज पुरती गेली नाही, जाणारही नव्हती. पण उतरली. हातावर सूज आवरणारी घट्ट बाही चढू लागली, मूठ वळू लागली. डेपोच्या डॉक्टरांनी मोकळ्या मैदानात तिला बस फिरवायला लावली, उलटसुलट वळणं घ्यायला लावली आणि म्हणाले, "बाई, खिडकीत दुसरं कुणीतरी बसेल आता."

पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री तिला आनंदाने झोप आली नाही, त्याला काळजीने. सकाळी कामावर खाडा करून तो तिच्या बसमध्ये चढला.

"कुठलं तिकीट देऊ?" कंडक्टरने विचारलं.

"शेवटच्या स्टॉपचं."

बाजार मागे पडला, पूल आला. बाहीतला हात तक्रार करत नव्हता. उतारावर तिने आरशात पाहिलं. नवरा खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

पुढचं वळण तिने जरा सावकाश घेतलं.