राणीचं उत्तर

ताईने चमचा पुढे केला तशी आईने मान ताठ केली, धड राहिलेला डावा हात छातीशी नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“आणा तो प्याला. मरणाला ताटकळत ठेवणं आमच्या कुळाला शोभत नाही.”

पोट साफ व्हायचं साधं औषध होतं ते. ताईने तिच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला, “शाब्बास महाराणी,” म्हटलं आणि चमचा विसळायला नेला.

पक्षाघाताच्या झटक्याने आईचा उजवा हात गेला, पाय लुळा पडला आणि स्वतःचं बोलणं पार पुसलं गेलं. पाणी, खिडकी, पोटच्या मुलांची नावं, काही म्हणजे काही आठवेना. “ते… ते…” करायची आणि रडायची. नाटकं मात्र जशीच्या तशी राहिली. उभी हयात रंगभूमीवर गेलेली बाई. तीस घरांच्या गावापासून मोठ्या थिएटरापर्यंत कुठेकुठे राणी झालेली. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, पाठांतर मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. ताईने ठेवायची ठरवली. दुसरं होतं काय हातात?

आणि खरंच, संसाराला पुरतील एवढी वाक्यं त्या जुन्या नाटकांत निघाली. डोळ्यांवर उजेड आला की आई म्हणायची, “दिवे मंद करा, पुढचं पाप अंधारातच व्हायचं आहे.” मग ताई बल्ब बंद करायची. कंटाळवाणं माणूस येऊन बसलं की एका फार्समधल्या खाष्ट सासूचं वाक्य यायचं, “पाहुण्यांच्या घरी घड्याळ नसावं बहुतेक.” हे वाक्य फारच वेळा उपयोगी पडलं, आणि एकदोन नातेवाईक कायमचे तुटले. बरं झालं.

पण धाकटा भाऊ परगावाहून आला तो वेगळंच ठरवून. मागच्या महिन्यात ताई दुकानात असताना आई न्हाणीघराच्या दारात पडली होती आणि संध्याकाळपर्यंत तशीच फरशीवर होती. फोनवर ते ऐकल्यापासून त्याची झोप उडाली होती. त्याने आपल्या गावातल्या एका वृद्धाश्रमात आईसाठी जागा बघून ठेवली. ताईने त्याला पुढची खोली दाखवली. भाड्याचं दुकान सोडून तिने शिलाई मशीन घरी आणलं होतं. कपडे उसवणं, आखूड करणं, सगळं आता आईच्या खाटेसमोर. गिऱ्हाइकं जिना चढून येत होती. परवाच एकाच्या कमरेचं माप चाललेलं असताना आई म्हणाली होती, “एवढा गर्व तू साठवतोस तरी कुठे?” तो बिचारा पोट आत ओढून उभा राहिला.

धाकटा हसला नाही. तू किती दिवस पुरणार, तू आजारी पडलीस तर काय, असं बरंच विचारलं त्याने, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. शेवटी ताई म्हणाली, आईला इथंच राहायचंय, तिला विचार.

“ती बोलत नाही, ताई,” तो म्हणाला. “टेप वाजते.”

ते ताईच्या वर्मी लागलं. आश्रमाच्या संचालिकाबाई दोन दिवसांनी येणार होत्या. ज्याला यायचंय त्याला स्वतःला विचारल्याशिवाय त्या कुणाला नेत नसत. ताईने कंबर कसली. वेढ्यात सापडलेल्या राणीच्या नाटकात एक वाक्य होतं. दूत विचारतो, “महाराणी, मी काय उत्तर नेऊ?” आणि राणी म्हणते, “सांग तुझ्या धन्याला, हा उंबरठा आमचा आहे. आमच्या पायांना दुसरी वाट ठाऊक नाही.” याच्यावर टाळी पडायची, म्हणून घरी ताईच्या कानावर ते तेवढंच आलेलं. ताई शिवता शिवता दूत व्हायची, आई उत्तर द्यायची, आणि तेवढ्यात ताई पाण्याचा पेला तरी पुढे करायची नाहीतर टाळ्या वाजवून मोकळी व्हायची. त्यापुढे राणी काय बोलते, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. दौऱ्यावर आईबरोबर जायचा तो धाकटा. ताईची शाळा असायची.

संचालिकाबाई आल्या. चांगल्या होत्या. खाटेशी खुर्ची ओढून त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, आमच्याकडे राहायला याल का?

“ते…” आई म्हणाली. “ते… ते…” आणि तिचे डोळे भरले.

धाकट्याने मान खाली घातली. ताई मात्र मशीनवरून उठली, खाटेसमोर आली, खांद्यावर मोजपट्टी तशीच, आणि कमरेत वाकून म्हणाली,

“महाराणी, मी काय उत्तर नेऊ?”

आईचं रडू थांबलं. पाठ सरळ झाली.

“सांग तुझ्या धन्याला, हा उंबरठा आमचा आहे. आमच्या पायांना दुसरी वाट ठाऊक नाही.”

ताईने विजयी मुद्रेने भावाकडे पाहिलं. पण आई थांबली नव्हती. आज पेला पुढे आला नव्हता, टाळीही नाही. भाषण सुरू झालं होतं आणि ते आता पुढे निघालं.

“पण रात्री आम्ही गच्चीवर उभ्या राहतो आणि घराघरांतले दिवे पाहतो. कुणी झोपत नाही. आमच्या एका हट्टापायी लेकरांनी का जागावं?”

ताई भावाकडून आईकडे वळली. हे असं होतं होय पुढे? तिला गेल्या कित्येक रात्री आठवल्या, खाटेजवळच्या अंथरुणात काढलेल्या. आई तिच्याचकडे बघत होती. हे नाटक होतं की आई खरंच तिला म्हणत होती, कोण सांगणार? आणि आपणच दूत होऊन आपल्या हाताने हे ओढवून घेतलं.

धाकट्याचे ओठ हलत होते. लहानपणी विंगेत बसून तो हे रोज पुटपुटायचा. पुढचं त्याला पाठ होतं: “रथाचे घोडे जोडा. आम्ही निघालो.” राणी शत्रूकडे जाते आणि पडदा पडतो. तो खिडकीकडे वळला. त्यालाही ते ऐकवेना.

“लेकरांना निजू दे,” आई म्हणाली. मग थांबली. प्रयोगात एवढा वेळ ती तिथे कधी थांबत नसे. तोंड वेडंवाकडं झालं, ओठाचा एक कोपरा थरथरला. “रथाचे घोडे… रथाचे घोडे… सोडा.”

“जोडा, आई,” धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. विंगेतली सवय.

आईने त्याच्याकडे पाहिलं. कुणी एक काना इकडचा तिकडे केला तरी तालीम थांबवणारी ही बाई. तिने डावा हात खाटेच्या कडेवर घट्ट दाबला.

“सोडा,” ती म्हणाली. “सो… डा.”

“आम्ही निघालो” आलंच नाही. संचालिकाबाईंनी एकदा आईकडे, एकदा ताईकडे पाहिलं, आणि शेवटी धाकट्याला हळूच विचारलं, मला काही समजलं नाही, हे हो धरायचं की नाही?

धाकटा खिडकीपासून खाटेपाशी आला.

“नाटकात राणी जाते,” तो म्हणाला. “आई नाही म्हणतेय.”