हैबतबाबांची दृष्टी आणि माझा मोबाइल

दर गुरुवारी अष्टमी गावच्या पुलापासून हैबतबाबांच्या मांडवापर्यंत रिक्षा हलायला जागा नसे. दारात बाबांचा भाचा दिनेश प्रत्येकाचं नाव-गाव लिहून घेई. आत बाबा डोळे मिटून बोलत आणि समोरच्याला घाम फुटे. 'पोटात दुखतंय' असलं मोघम नाही. पेणच्या रुग्णालयात तुम्ही किती दिवस होतात, कोणतं इंजेक्शन दिलं, सगळं बिनचूक. वरसे गावात वीस वर्षं दवाखाना चालवणारा मी बाबांना हसत होतो. हसण्यापलीकडे काही केलं नाही, हे आधीच कबूल करतो.

मग एका सकाळी वाळू बायकोला घेऊन आला. पारीला फिट यायच्या. पेणला उपचार झाल्यावर त्या थांबल्या होत्या. आता चुलीपुढे पुन्हा फिट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बाबांच्या सांगण्यावरून तिने गोळ्या बंद केल्या होत्या.

"त्यांनी सगळं वळखलं," वाळू म्हणाला. "सकाळी एक गोळी, रात्री दोन, डोक्याचा फोटो. वय पण सांगितलं, बावन्न."

"पारी तर बत्तीसची आहे."

"हिच्या अंगात जी बाई शिरलीय तिचं वय बावन्न हाय, असं म्हणाले."

पारीला पट्टी करून मी मोबाइल उघडला. पेशंट घरी सोडला की पेणच्या डॉक्टर रिझवाना त्याचे कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. पारीचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. त्यात वय होतं बावन्न. टाइप करताना झालेली चूक, दुसरं काय! खाली लिहिलं होतं : 'गोळ्या अचानक थांबवल्यास जिवाला धोका. आठवड्याने बोलावून समजावून सांगावे.' हे मी पहिल्यांदाच वाचत होतो.

रिझवानाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी दोन निळ्या खुणा आल्या होत्या. मला वाटलं, तुम्ही वाचलंत."

मग वाचलं कुणी? माझ्या व्हॉट्सॲपला कुठली यंत्रं जोडली आहेत ती यादी उघडली, तर एक कॉम्प्युटर सापडला. माझा प्रिंटर बिघडला होता तेव्हा दिनेशच्या झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप उघडून मी एक रिपोर्ट छापला होता, आणि ते तसंच उघडं टाकून घरी आलो होतो. माझ्या पेशंटांची दुखणी तेव्हापासून बाबांच्या घरी जात होती.

ती जोडणी लगेच तोडली असती, तर देव रुसला असं सांगून बाबा सुटले असते. म्हणून दोन दिवस बाकीची सगळी पत्रं थांबवून रिझवानाबाईंनी एकच पाठवलं : केरू, गाव गडब, पोट उघडून पित्ताची पिशवी काढली. केरू त्यांच्या रुग्णालयाचा धडधाकट रखवालदार.

गुरुवारी केरू बाबांपुढे बसला. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली. "पेणला तुझं पोट फाडलं रे. पित्ताची पिशवी काढली."

केरूने सदरा वर केला. पोटावर साधा ओरखडा नव्हता. "माझी पिशवी जागेवर हाय, बाबा."

टाके देवाने मिटवले, असं बाबा सांगू लागले आणि चारदोन हात जोडलेही गेले. तेव्हा मी उठून केरूचं पत्र मोठ्याने वाचलं, मग वाळूबरोबर आलेल्या पारीला विचारून तिचंही, वयाच्या चुकीसकट. निळ्या खुणा, झेरॉक्सचं दुकान, माझा निष्काळजीपणा, सगळं सांगितलं. दिनेश मांडवामागून सटकला. बाबांना एकाएकी ऐकू येईनासं झालं.

लोक हसू लागले. पारी हसली नाही. पट्टीतला हात पोटाशी धरून तिने विचारलं, "त्यांनी वाचलं. मग तुमी का नाय वाचलं, डॉक्टर?"

दिवसाला सत्तर मेसेज येतात, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. तिच्या हाताकडे बघून म्हणालो, "वाचायला हवं होतं. चुकलो."

दिनेशचा कॉम्प्युटर माझ्या व्हॉट्सॲपवरून काढून टाकलाय, आणि आता आलेलं प्रत्येक पत्र मी त्याच दिवशी वाचतो. पण माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. न सांगता कुणी तुमचं दुखणं ओळखलं, तर हात जोडण्याआधी विचारा, हे तुम्हाला कळलं कुठून? आणि रुग्णालयातून घरी आलात की तुमच्या डॉक्टरला विचारा, माझं पत्र वाचलंत का? पारीला हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.