प्रभुभोजनाचा पाव नेणारी टोपली

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. वेत पाण्यात भिजवून आणि वाकवून एका बाईने मला विणले. त्या दिवशी तिचे बोट सोलले होते, म्हणून माझ्या बुडाशी एक वीण सैल राहिली. तिथून आजही पीठ गळते.

एका पाववाल्याच्या बायकोने मला विकत घेतले, ते एकाच कामासाठी. चर्चमधल्या प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायचा पाव त्यांच्याच भट्टीतून जाई. आठवडाभर मी खिळ्यावर लटकून धूळ खात असे आणि रविवारी पांढरे फडके पांघरून मिरवत असे. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मी फार आवडे. माझ्या सुबक कडांचे ते कौतुक करत.

रविवार हा भट्टीचा सुगीचा दिवस. पाववाला मला घेऊन धावत जाई, चर्चच्या मागच्या दाराशी ठेवी आणि आल्या पावली परत फिरे. बायको पूर्वी उपासनेला बसण्याचा आग्रह करी. तो म्हणे, पुढच्या रविवारी नक्की. हा पुढचा रविवार कधी उजाडत नाही, हे मी लवकर ओळखले. तिला जरा वेळ लागला. मग तिने विचारणे सोडून दिले. फक्त एकदा पीठ मळता मळता ती म्हणाली, "अहो, वाढप्यानं उपाशी राहावं, तशी तुमची गत झालीय." त्याला हसू आले. तिला आले नाही.

पुढे त्यांच्या लेकीचे दृढीकरण ठरले, म्हणजे मंडळीत रीतसर सामील होण्याचा विधी. त्या रविवारी ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. आदल्या संध्याकाळी माझ्यावरचे फडके इस्त्री करता करता ती बापाला म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही नाही आलात, तर मी रुसणार नाही. पण पुन्हा कधी विचारणारही नाही."

बापाने येण्याचा शब्द दिला.

सकाळी मायलेकी पुढे गेल्या. त्याने चर्चचा गोल पाव माझ्यात ठेवला आणि शेवटचे गिऱ्हाईक करून निघायचे ठरवले. पण गिऱ्हाइकांना कुठला शेवट? एक गेले की दुसरे हजर. फळीवरचे पाव संपले, तसा त्याचा सराईत हात माझ्याकडे वळला आणि चर्चचा पाव कुणाच्या तरी पिशवीत गेला. त्याला पत्ताही लागला नाही.

घंटा ऐकून त्याने मला उचलले, तेव्हा मी हलकी लागले. तो माझ्या रिकाम्या पोटाकडे बघतच राहिला. भट्टीतले पाव अजून कच्चे होते. बाहेर एकच उरला होता, वाकडा आणि एका बाजूने करपलेला. असले पाव घरच्या न्याहारीला ठेवायची त्यांची रीत होती. तोच माझ्यात टाकून, वर फडके ओढून, समोरची गिऱ्हाइके तशीच सोडून तो पळत सुटला. मागे भट्टीत पावांचे काय होणार, हे त्याला चांगले ठाऊक होते.

चर्चचे मागचे दार आतून बंद होते. समोरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रवचन संपत आले होते. पिठाने माखलेल्या अवतारात तो मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत गेला. पाळकसाहेबांनी फडके उचलून आत पाहिले.

"चांगला होता तो विकला गेला, साहेब," तो हळूच म्हणाला. "हा आम्ही घरी खातो त्यातला आहे."

"मग आजही घरच्यांनीच खायचाय," पाळकसाहेब म्हणाले. "बसा."

सवयीने त्याचे पाय दाराकडे वळले. लेक बाकावर थोडी सरकली. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. करपलेला तुकडा त्याने तोंडात घातला, तेव्हा त्याच्या बायकोने मान खाली घातली. ती प्रार्थना करत होती की डोळे लपवत होती, हे मला सांगता येणार नाही.

परतलो तेव्हा भट्टीतल्या पावांचा कोळसा झाला होता. तेव्हापासून त्यांचे दुकान रविवारी उपासनेनंतर उघडते. काही गिऱ्हाइके तुटली. बाकीची कुरकुरत का होईना, उशिरा येऊ लागली.

आता माझी मूठ तारेने बांधली आहे. मित्रांनो, मला ओली ठेवू नका, अधूनमधून ऊन दाखवा, एवढेच माझे मागणे आहे. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी पाव वाहिला आणि त्यातला घासभरही खाल्ला नाही. त्याचे मला दुःख नाही, कारण टोपलीचे कामच ते. माणसाने मात्र टोपली होऊ नये.