काचेच्या कपाटातली शुक्रवारची पिशवी

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. मित्रांनो, पंचवटीतल्या आमच्या बालवाडीत मला 'शुक्रवारची पिशवी' म्हणतात. मदतनीस अंबूबाईंनी आपल्या जुन्या निळ्या लुगड्यातून मला शिवली. बालवाडीत शिकवणाऱ्या तेजश्रीताईंनी माझ्या पोटात एक चित्रांचं पुस्तक आणि वीस चिंचोके घातले. पुस्तकात पालकांसाठी एक चिठ्ठी ठेवली. दर शुक्रवारी मी एका मुलाबरोबर घरी जायचं आणि सोमवारी परत यायचं. चिठ्ठीत एवढंच होतं: रोज दहा मिनिटं मुलाजवळ बसा, चित्रं बघत गप्पा मारा, घरातल्या वस्तू मिळून मोजा.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. योगेशच्या घरी माझ्यावर चहा सांडला. रुद्रच्या आजोबांनी मोजता मोजता तीन चिंचोके हरवले आणि गुपचूप शेंगदाणे भरून पाठवले! ताई म्हणायच्या, पिशवी मळून आली की समजावं, घरात पोराशी कुणीतरी बोललंय. खरं सांगते, त्या डागांचा मला भारी तोरा होता.

यंदा मला दिशाकडे पाठवलं. साडेचार वर्षांची पोर, पण जूनपासून वर्गात तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. ताईंना तिची फार काळजी वाटे. म्हणून त्यांनी मला लागोपाठ दोन शुक्रवार तिच्याच हाती दिलं.

दिशाच्या आईने, निकिताने, मला पाहिलं मात्र, आधी आतलं सगळं काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि गाठ मारली. मग मला साबणात भिजवलं, ब्रशने खसाखसा घासलं, इस्त्री केली. ते बोचकं पुन्हा माझ्यात घालून मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि कडी लावली. तिला दोष तरी कसा देऊ? ती पेठ तालुक्यातल्या खेड्यात शिकली. तिथे पुस्तकं कुलुपात असत आणि साहेब तपासणीला आले की बाहेर निघत. शाळेची वस्तू म्हणजे जपायची वस्तू, हे तिच्या अंगात मुरलेलं.

पण पोरीचं काय? वर्गात गप्प बसणारी दिशा काचेला नाक लावून माझ्याशी केवढं बोलायची! पिशवे, तुझ्यात वाघ आहे का, ससा आहे का, तुला भूक लागली का? संध्याकाळी तिचे बाबा सोमनाथ दुसऱ्या दिवशी विकायच्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसत. किती झाल्या, असं दिशाने विचारलं की ते म्हणत, मध्ये लुडबुडू नको, जा, अभ्यास कर. मग निकिता तिचा हात धरून पाटीवर वीस वेळा 'अ' गिरवून घेई. अरे, त्या जुड्या मोजणं हाच तर अभ्यास होता! तसं चिठ्ठीत लिहिलं होतं आणि चिठ्ठी गाठीत अडकली होती. माझा जीव नुसता तळमळायचा. पण पिशवीला कुठे बोलता येतं!

सोमवारी निकिता मला घेऊन स्वतः आली आणि अभिमानाने म्हणाली, "ताई, बघा, एक डाग राहू दिला नाही."

ताईंचा चेहरा उतरला. दारात पालकांची गर्दी होती, समजावत बसायला सवड नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी हिच्यावर एखादा डाग दिसू दे मला."

पुढच्या रविवारी संध्याकाळी निकिताने कडी काढली. मला वाटलं, आला एकदाचा माझा दिवस! तिने हळदीत बोट बुडवलं, माझ्या कोपऱ्यावर छान गोल डाग लावला, वाळू दिला आणि मला परत आत ठेवलं. ताईंनी सांगितलेलं तिने मनापासून केलं होतं. दिशा शेजारी उभी राहून बघत होती.

सोमवारी डाग पाहून ताई हरखल्या. दिशापुढे खाली बसून त्यांनी विचारलं, "हा कशाचा गं? काय काय केलंत घरी?"

दिशाने डागावर बोट ठेवलं. जूनपासून वर्गात ती पहिल्यांदा बोलली.

"आईने लावला," ती म्हणाली. "पिशवी उघडलीच नाही."

ताईंनी तिला जवळ घेतलं. मला आणखी एकदा तिच्याच हाती द्यायचं त्यांनी ठरवलं.

येत्या शुक्रवारी मी पुन्हा दिशाकडे जाणार आहे. कडी निघेल की नाही, मला माहीत नाही. मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी आली, तर मोठ्यांना माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, तिला जपू नका. गाठ सोडा आणि पोराजवळ बसा. मला स्वतःला ते सांगता येत नाही.