साक्षीदाराने न वाचलेले आरोप

अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या कारखान्यात क्षेपणास्त्रांचे गुप्त आराखडे सांभाळणाऱ्या नोरीन हॅस्केटचा गुप्त कामाचा सरकारी परवाना आजच्या सुनावणीत पणाला लागला होता. परवाना गेला की नोकरीही गेलीच. वकिलाची फी परवडत नव्हती, म्हणून बाईसाहेब आपली बाजू आपणच मांडायला उभ्या राहिल्या, आणि पहिल्याच साक्षीदारापाशी तोंडावर पडल्या.

साक्षीदार होता तिचा फोरमन, वेंडेल टॅकेट. चर्चला घालायचा सूट चढवून आला होता. "बारा वर्षं ओळखतो मी हिला. आमची नोरीन म्हणजे बावनकशी सोनं," त्याने शपथेवर सांगितले.

सरकारी वकीलबाई उठल्या. "तिच्यावरचे आरोप वाचलेत तुम्ही?"

"नाही बुवा. ती म्हणाली, किरकोळ आहे काहीतरी."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. ज्याला आरोपच ठाऊक नाहीत, त्याच्या कौतुकाला इथे कवडीची किंमत नसते. नोरीनला हे कोणीही सांगितले असते, पण त्यासाठी आधी विचारावे लागते. आणि ती तर लाजेपायी दोन वर्षे गप्प होती. आरोप दोन होते: कॅसिनोतल्या जुगाराच्या यंत्रांपुढे कर्ज काढून उडवलेले एकतीस हजार डॉलर, आणि सरकारी अर्जात 'थकलेले कर्ज आहे का' यापुढे बेधडक ठोकलेले 'नाही'. कॅसिनो सुटून एकोणीस महिने झाले होते, कर्जही फिटत आले होते. ते खोटे उत्तर मात्र पुसता येत नव्हते.

"त्यांना वाचायला द्यायचे का?" न्यायाधीश म्हणाले. "सक्ती नाही. साक्ष मागे घेता येईल."

नोरीनने आरोपांचे कागद पुढे सरकवले. टॅकेटने चष्मा लावला आणि ओळ न् ओळ वाचली.

"मला सांगितलं नाहीस होय गं?"

"लाज वाटली रे, वेंडेल."

"यात नसलेले आणखी काही आहे?" न्यायाधीशांनी विचारले. "ज्यावरून उद्या कोणी तुम्हाला धमकावून आराखडे मागू शकेल, असे?"

नाही म्हटले असते तर कोणाच्या बापाला कळले नसते.

"आहे, साहेब. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून कारखान्यात वर्गणी जमली होती. नऊशे डॉलर. ऑपरेशन विम्यातून झालं. ते पैसे मी कॅसिनोत घातले." टॅकेटकडे बघण्याची तिची छाती होईना. "वर्गणी वेंडेलनंच गोळा केली होती."

वकीलबाईसुद्धा लिहायच्या थांबल्या.

"टॅकेट, तुमची साक्ष कायम?" न्यायाधीशांनी विचारले.

टॅकेटने चष्मा काढून मिटला.

"कायम. बारा वर्षांत एक आराखडा इकडचा तिकडे झाला नाही. आणि आता हिला धमकवायला कुणाच्या हातात उरलंय काय? द्या तिला परवाना." मग आवाज उतरला. "आम्ही एकाच गाडीनं आलो होतो, साहेब. जाताना ती माझ्याबरोबर येणार नाही. हे लिहून नका घेऊ."

आपला परवाना वाचणार, असे नोरीनला त्या क्षणी पहिल्यांदा वाटले, आणि तिला रडू आवरेना.